पथ्याचा पाव

आमच्या घरात पाव आणायचे ते सासरे. रविवारी सकाळी फिरायला म्हणून ते गंगापूर रोडने निघत आणि येताना एका डब्यात मिसळीचा रस्सा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला लादीपाव घेऊन येत. सासूबाई त्या पावाला शिवत नसत. "काय घालतात, कोण तुडवतं, कुणाला ठाऊक," असं म्हणून त्या स्वतःपुरती भाकरी टाकत. रस्सा मात्र दोनदा वाढून घेत. त्याच बेकरीशेजारच्या कळकट कढईतून तो येतो, याकडे त्यांनी सोयीस्कर काणाडोळा केलेला होता. मी नवी सून होते. मीही काही बोलत नसे, कारण त्यांच्या वाटचा पाव मला मिळायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सासऱ्यांना हार्ट अ‍ॅटॅक आला. त्यातून ते वाचले, घरी आले, आणि सोबत पथ्य आलं. तूप नाही, लोणी नाही, साय नाही, अंडं नाही, मैदा नाही, तेल चमच्याने मोजून. दूध तर त्यांना आधीपासूनच पचत नव्हतं. म्हणजे बेकरीकडे बघायचंही कारण उरलं नाही. उरला तो दुधी भोपळा, फुलका आणि बिनदुधाचा चहा.

माणूस जेवायचाच बंद झाला. हट्ट म्हणून नव्हे, घास खाली उतरत नसे. ताटावर बसायचे, फुलक्याचा तुकडा मोडायचे, भाजीत बुडवून तसाच ठेवायचे आणि म्हणायचे, "झालं माझं." गालफडं बसली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, पण अंगात ताकद नको का? सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून म्हणायच्या, "आजाराने गेले नाहीत, ते आता उपासमारीने जातील." एकदा सासरे मला म्हणाले, "एक पाव दे, मग मला कुठे न्यायचं ते न्या." मला त्यांचा इतका राग आला की मी ताट उचलून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. त्याच संध्याकाळी ठरवलं, यांना पाव द्यायचा. पथ्यातलाच, पण पाव द्यायचा.

लग्नात मला गोल ओव्हन आला होता. अॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्या काळात प्रत्येक नवरीला असा एक ओव्हन यायचा आणि दोन केक झाले की माळ्यावर जायचा. तो मी खाली काढला. कॉलनीतच एक बाई केक-बिस्किटांचे क्लास घ्यायच्या. त्यांना जाऊन विचारलं, लोणी, दूध, अंडं, मैदा यातलं काही न घालता पाव होतो का? बाईंनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाल्या, "होतो. पण त्याला हात लागतो."

आता हात म्हणजे माझा अभिमान. माझ्या पोळ्यांना सासरच्या मंडळींनी कधी नाव ठेवलेलं नव्हतं. कणीक कशी हवी, तर घट्ट तिंबलेली, परातीला न चिकटणारी. मी चक्कीवरचं पीठ चाळून घेतलं, कोमट गुळाच्या पाण्यात यीस्ट फुलवलं, आणि पोळ्यांना मळतात तशी झक्क कणीक मळली. भाजून निघाली ती वीट. सासऱ्यांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, "कॉलनीतल्या गणपतीच्या देवळाची पायरी निखळलीय. तिथे बसेल." दुसरी वीटही तशीच निघाली. तिसरी आम्ही गाईला घातली. गाईने हुंगून सोडली.

बाईंकडे पुन्हा गेले. त्यांनी माझ्या देखत पीठ भिजवलं आणि मला ते बघवेना. सैल, लिबलिबीत, बोटांना लोंबणारं. आमच्याकडे अशी कणीक भिजवली असती तर "माहेरी काय शिकवलं?" असं ऐकून घ्यावं लागलं असतं. बाई म्हणाल्या, "पोळीचा हात घरी ठेवून यायचा. चिकटलं तर चिकटू दे, वरून पीठ घ्यायचं नाही. दुधाऐवजी एक उकडलेला बटाटा कुस्करून घाल, मऊ होईल. पहिल्यांदा फुगलं की दाबून हवा काढायची. मग डब्यात घालायचं, आणि त्यानंतर भाजेपर्यंत हात लावायचा नाही. अजिबात नाही."

घरी आले आणि तसंच केलं. पीठ असं काही फुगलं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. हवा काढून कुकरच्या डब्यात गोळा घातला, वर पांढरा ओला पंचा टाकला आणि कपडे धुवायला गेले. परत येऊन पाहते तर डब्यातला गोळा बसलेला. भाजला, तर वर कातडं आणि आत गिच्च. दुसऱ्या खेपेला तेच झालं, तिसऱ्याही खेपेला तेच. कधी वाटायचं थंडी आहे, कधी वाटायचं यीस्ट जुनं. पार मेन रोडला जाऊन नवं पाकीट आणलं. डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवला, मग देवघराच्या कोपऱ्यात, मग तांदळाच्या पिंपाजवळ. नवरा म्हणाला, "आता डब्याची पत्रिका दाखव." मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

गंमत अशी, की कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. बसलेल्या गोळ्यावर दर वेळी चार बोटांचे खड्डे असायचे. मला ते दिसत होते आणि दिसत नव्हते, कारण कणकेच्या गोळ्यावर बोटं असतातच. आईने मला पहिल्यांदा कणीक मळायला बसवलं तेव्हाच सांगितलं होतं, गोळा गुळगुळीत ठेवायचा नाही, बोटं उमटवायची. गुळगुळीत गोळा पिंडाचा. खायच्या कणकेवर जिवंत माणसाची खूण हवी. मी रोज पोळ्यांच्या कणकेवर ती करत होते, न बघता, न आठवता. पावावरची बोटंही माझीच, असं धरून चालले होते.

एके दिवशी साबण संपला म्हणून कपडे टाकून मधेच उठून आत आले. सासूबाई तांदळाच्या पिंपापाशी उभ्या होत्या. त्यांनी पंचा उचलला, डब्यातल्या फुगलेल्या गोळ्यात चार बोटं मुळापर्यंत खुपसली आणि पंचा पुन्हा नीट सारखा केला. गोळा सुस्कारा टाकल्यासारखा खाली गेला.

माझा तोल गेला. सासूशी कसं बोलावं वगैरे सगळं बाजूला राहिलं. "आई, तुम्ही रोज हे करता? मी इथे महिनाभर जीव काढते आहे! यांना पाव मिळू द्यायचा नाही का तुम्हाला?"

त्या दचकल्या. मग ताकाला जाऊन भांडं न लपवता म्हणाल्या, "करते. रोज करते."

"का पण?"

"तू बाहेर जातेस. मी इथे असते. घरात आजारी माणूस, आणि समोर गोल गोळा, वर पांढरं फडकं." त्यांनी बोटांवरचं पीठ पुसलं. "माझं माहेर पंचवटीत. घाटावर जाता-येता लहानपणापासून तेच पाहिलंय मी. माझ्या घरात, ह्यांच्या डोळ्यांसमोर, ते असं फुगत बसलेलं मला बघवत नाही गं. बोटं लावली की जरा बरं वाटतं."

मी ओल्या हाताने तशीच उभी राहिले. भांडण संपलं होतं, कारण भांडणाला दुसरी बाजूच नव्हती. मला सासरे हवे होते आणि सासूबाईंनाही तेच हवे होते. मी पावाने त्यांना राखू पाहत होते, सासूबाई बोटांनी. बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं गं?" सासूबाई पदराने डोळे पुसत ओरडल्या, "काही नाही, पीठ सांडलं!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, आई, बोटं तुम्हीच लावा, पण मी सांगेन तेव्हा. पहिल्यांदा पीठ फुगलं की त्यातली हवा काढायचीच असते, ती तुम्ही काढा. मग गोळा डब्यात घातला की लगेच वरून हलकी बोटं उमटवा. त्यानंतर फुगेल तो बोटांसकट फुगेल. आणि पांढऱ्या पंच्याऐवजी माझ्या जुन्या साडीचं हिरवं फडकं टाकू. त्यांनी विचार केला. "बोटं दिसतील का भाजल्यावर?" म्हटलं, दिसतील. मला काही खात्री नव्हती.

हवा काढायला त्यांचा हात माझ्याहून चांगला निघाला. पीठ डब्यात गेलं, बोटं उमटली, हिरवं फडकं पडलं, आणि त्या पाट घेऊन शेजारी राखणीला बसल्या. मी कपड्यांना गेले तरी उठल्या नाहीत. नवरा पाणी प्यायला आला तर त्यालाही हटकलं, "लांबून जा."

पाव फुगला. ओव्हनच्या काचेतून आम्ही दोघी आळीपाळीने डोकावत होतो. बाहेर आला तो तांबूस, वर चार पुसट खळ्या असलेला. कापला तर आत जाळी पडलेली. दाबला की पुन्हा वर यायचा. तो रविवार नव्हता, तरी सासूबाईंनी मोडाच्या मटकीची उसळ टाकली, तेल नावाला, वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. सासऱ्यांनी पावाचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात टाकला. आम्ही दोघी दारात उभ्या. सासऱ्यांनी दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा. मग वाटी पुढे करून म्हणाले, "रस्सा आहे का अजून?" सासूबाई रस्सा आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी मीच वाढला.

त्यानंतर आमच्या घरी आठवड्यातून दोनदा पाव होऊ लागला. हल्ली माझी भाची त्याला व्हीगन ब्रेड म्हणते, आणि दुकानात तो काय भावाने मिळतो ते सांगून मला वेड्यात काढते. आमच्याकडे तो पथ्याचा पाव होता. पुढे दोन हजारच्या दशकात भारनियमन आलं. वीज केव्हा जाईल ते वर्तमानपत्रात छापून यायचं आणि त्या वेळेव्यतिरिक्तही जायची. पीठ फुगून तयार आणि ओव्हन थंडगार, असं कितीदा झालं. पीठ वाट बघून बघून आंबायचं. तो आंबूस पाव सासऱ्यांना जास्तच आवडायचा. वीज गेली की ते खुशीत म्हणायचे, "वा, आज चांगला होणार." सासूबाईही तो पाव खायला लागल्या होत्या, मात्र कुणी पाहत नसताना. सासरे अंगाने भरले, पुन्हा फिरायला जाऊ लागले, नातवाच्या मुंजीत पंगतीत वाढायला उभे राहिले. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिलं. सासूबाईंनी कुणालाच दिलं नाही, फक्त बोटं लावायचं एकदाही चुकवलं नाही. ताप असला तरी उठून यायच्या.

मग एका हिवाळ्यात सासरे गेले. दुसरा झटका होता, दवाखान्यात नेईपर्यंतही वेळ दिला नाही. दहाव्या दिवशी नवरा गोदावरीवर जाऊन आला. ओव्हन मी पुसून माळ्यावर ठेवला. कुणी ठेव म्हणालं नव्हतं, पण काढ असंही कुणी म्हणालं नाही.

वर्ष उलटलं असेल, नवऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन तो आला तेव्हा हसत होता, आणि हसतच त्याने डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य म्हणून दाखवलं. तूप नाही, लोणी नाही, साय नाही, अंडं नाही. ते सगळं आम्हाला पाठ होतं. मी स्टूल घेतलं आणि ओव्हन खाली काढला.

पीठ फुगलं. सवयीने मी हाक मारली, "आई, हवा काढायचीय."

त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. "मी नको," म्हणाल्या. "तूच लाव."

"का?"

"माझी बोटं पुरली नाहीत गं. त्यातून आता माझी ही अशी... त्याच्या पावाला ती नकोत. तू सवाष्ण आहेस, तू लाव."

मला पुन्हा तसाच राग आला, त्या जुन्या दिवसासारखा. "आई, त्या बोटांवर ते इतकी वर्षं जेवले. डॉक्टरांनी तरी इतकी कबूल केली होती का? पुरली नाहीत काय म्हणता?" त्या दारातच उभ्या. मी हवा काढली, गोळा डब्यात घातला आणि त्यावर बोटं उमटवली. आयुष्यभर उमटवत आले होते, पण कुणासाठी उमटवतो आहोत हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बोटं जरा जास्तच खोल गेली. मग डबा उचलून मी त्यांच्यासमोर धरला आणि धरूनच ठेवला. हात भरून आले तरी खाली घेतला नाही. शेवटी त्यांनी पदराला हात पुसला आणि माझ्या बोटांशेजारी आपली चार उमटवली.

एवढी बोटं लागल्यावर पाव कसला फुगतोय. एका बाजूने पार बसला. रात्री ताटात तुकडा उलटसुलट करत नवरा म्हणाला, "बाबांना हलका मिळायचा. हा असा का झालाय? आणि ही एवढी बोटं कुणाची?"

"खा मुकाट्याने," आई म्हणाल्या.

त्याने खाल्ला.