सरलाबाईंचं कपाशीचं फूल

"माय, खरं सांग, तू हात लावलास ना याला?"

"मी नही लावा! तुना डबा, तुना हात."

"मग चार्ज का होत नाहीये? कालपर्यंत होत होता."

"माले काय ठाऊक? त्यालेच इचार."

अश्विनीने चार्जरची पिन पुन्हा खोचली. पंख्याचा प्लग काढून तिथे लावून पाहिलं, मग मिक्सरच्या जागी. अडॅप्टरवरचा हिरवा दिवा प्रत्येक ठिकाणी शहाण्यासारखा लागत होता, लॅपटॉपवरचा मात्र मिटलेलाच. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरी लाल झाली होती. तिने घाईने लॅपटॉप बंद केला. उरलीसुरली धुगधुगी फुलाच्या नक्षीची जड फाइल पाठवायला पुरणार नव्हती.

फूल कपाशीचं होतं.

बमरोलीच्या यंत्रमाग वस्तीतल्या या खोलीत सरलाबाईंचं अर्धं आयुष्य साड्यांवर खडे चिकटवण्यात गेलं होतं. दुपारी उन्हाची तिरीप मांडीवरच्या साडीवर पडली की खड्यांचे कवडसे छतावर चढायचे, हळूहळू सरकायचे. भिंतीपलीकडे लूम खडखडत असायचे, आणि त्या खडखडीतच बाईंना वारा ऐकू यायचा, पारोळ्याकडच्या सोडून आलेल्या शेतातला. कमरेइतकी कपाशी. फुलं सकाळी सायीसारखी पिवळट, दुसऱ्या दिवशी गुलाबी, कुणी कानात काही सांगितल्यासारखी. किती गुलाब त्यांच्या हाताखालून गेले, किती कमळं, किती मोर. हे फूल कधीच आलं नाही.

अश्विनी मिलवाल्यांसाठी साडीची डिझाइनं करायची. या नवरात्रात एका दुपारी ती म्हणाली, "माय, सांग तुझं फूल." सरलाबाई डोळे मिटून सांगत गेल्या. "पाकळी अशी ताठ नको. जरा आळसावलेली. हां. आता तिले झोप येवू दे." पलसाण्याच्या मिलला नमुना आवडला. आज ते कापडावर उतरणार होतं.

फोन वाजला. मिलचे छपाईचे मास्टर, घाईघाईच्या गुजरातीत.

"अश्विनीबेन, फूल मोकलो! पांच वाग्ये मशीन चढशे, नहीं तो गुलाब चढावी दईश."

"मोकलूं छूं, मास्टरजी," अश्विनी गोड आवाजात म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उतरला. "पाचपर्यंत पाठवलं नाही तर पुन्हा गुलाबच, माय."

सरलाबाईंच्या हातातला खडा साडीवर टेकायचा राहिला.

"काय गं, मायलेकींचा खेळ रंगला?" शेजारची अनुसया दारात उभी होती. "तिकीट लावा की."

"मावशी, तुमच्या सुनेचा चार्जर द्या ना. तिचाही याच कंपनीचा आहे."

चार्जर आला. अश्विनीने दोन्हींच्या पाठीवरचे आकडे ताडून पाहिले, जुळले. पिन लावली. दिवा नाहीच.

"म्हणजे आपला चार्जर धडधाकट आहे. दुखणं याच्या आतच आहे." तिने पिन काढली आणि मोबाईलचा उजेड त्या गोल भोकावर धरला. डोळा बारीक केला. आतमध्ये लाल काहीतरी सुकून बसलं होतं.

"माय... हे कुंकू आहे."

सरलाबाई साडीवर जास्तच वाकल्या.

"तू म्हणालीस हात नाही लावला!"

"काल दसरा व्हता. पूजा करी. पूजाले काय हात लावनं म्हनतस?"

"अगं, पण झाकणावर करायची! भोकात कुणी कुंकू घालतं?"

"तोंडाले लावतस," सरलाबाई ठामपणे म्हणाल्या. "तुना बाप लूमले कुठे लावे? जिथून सूत आत जाये, तिथे पहिलं बोट. मशीन जिथून खाते, तिथे." मग आवाज खाली आला. "मी रोज पाहते ना. हा इथूनच खातो."

अनुसयाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. "आणि अक्षता? नैवेद्य तर नाही ना भरवला?"

"एकच दाना व्हता."

अश्विनीला हसू आलं, राग आला, आणि घड्याळ दिसलं. सरलाबाईंनी पटकन खडे उचलायची सुई पुढे केली.

"सुई नको, माय. लोखंड आत टेकलं की मशीन गेलंच." तिने देव्हाऱ्यातली उदबत्ती घेतली, तिच्या काडीचं टोक चाकूने निमुळतं केलं आणि लॅपटॉप तिरका धरून हलकेच फिरवत गेली. पांढऱ्या कापडावर कुंकवाचे पापुद्रे पडू लागले, सुके, वाळल्या पाकळ्यांसारखे. त्यांच्यामागून तांदळाचा तो एकच दाणा. मग कोरड्या मऊ ब्रशने दोन-चार हात.

पिन आत गेली. या वेळी शेवटपर्यंत गेली.

दिवा लागला.

"खाल्लं," सरलाबाई कुजबुजल्या.

फूल निघालं. पडद्यावरची निळी पट्टी पुढे पुढे सरकू लागली, तशा तिघी तिच्याकडे वाकल्या. मग मास्टरचा निरोप आला: "आवी गयुं. चढावुं छूं." फूल पोचलं होतं, मशीनवर चढत होतं. अनुसया आपला चार्जर घेऊन हसत घरी गेली.

पडदाभर कपाशी फुलली होती. तिचा गुलाबी उजेड सरलाबाईंच्या गालावर पडला, आणि त्या क्षणी त्या बमरोलीत नव्हत्या.

अश्विनीने त्यांच्याकडे पाहिलं. भांडण कुठल्या कुठे गेलं होतं.

"माय, काल पूजा करताना काय मागितलंस गं?"

सरलाबाईंनी एकदा पडद्यावरच्या फुलाकडे पाहिलं, मांडीवरची साडी गोळा केली, खड्यांची डबी पदराखाली घेतली आणि उन्हाने भरलेल्या गॅलरीत निघून गेल्या.