पांढरीची ओढ, करडीचं ॲव्हरेज

आण्णांची जुनी पिकअप मिरजगावच्या अलीकडं बंद पडली, ती पुन्हा चालू झालीच नाही. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत बघितलं आणि फडक्यानं हात पुसायला सुरुवात केली. लग्नसराई दोनेक महिन्यांवर आली होती.

आण्णा म्हणजे माझे वडील. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांचा मांडवाचा धंदा आहे. मांडवाचे पाईप, कापड, लाईटी, खुर्च्या सगळं पिकअपच्या हौद्यात जातं, आणि दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला जनरेटर मागं हुकाला अडकवून ओढत न्यायचा. आण्णांचं सगळं आयुष्य तसं गेलं. त्या वर्षी मात्र शुगरनं त्यांच्या डोळ्यांवर घाला घातला. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

मी तेव्हा सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरला होते. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. आमच्या मॅडमनी नुकतंच विचारलं होतं, "पुण्याच्या प्लांटला जागा निघतीये. जाशील का?" मी हो म्हणाले होते, पण घरी सांगितलं नव्हतं. सांगायला एखादा बरा दिवस शोधत होते.

त्या सुट्टीला आण्णा जेवताना म्हणाले, "बाळा, गाडी बघायची हाय. माझ्याच्यानं आता बघनं हुईना. तू चल. तुला कळतं."

मला कळत होतं हे खरं. बारावीच्या सुट्टीत त्यांनीच मला रानातल्या वाटेवर गाडी शिकवली होती. गाडी बघायला काय हरकत, म्हणून मी गेले.

नगरला जुन्या गाड्यांचा एक एजंट आण्णांच्या ओळखीचा होता. त्याच्या पोरीच्या लग्नाचा मांडव आमचाच होता. त्यानं दोन पिकअप दाखवल्या, एक पांढरी, एक करडी. पांढरीचं इंजिन मोठं. ॲक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवला तरी ती पुढं झेपावायची, पण डिझेल पाण्यासारखं प्यायची. करडी हलकी आणि नव्या मॉडेलची. रिकामी असताना तर इंजिन चालू आहे की बंद हे कान देऊन ऐकावं लागायचं. ॲव्हरेज पांढरीच्या जवळजवळ दीडपट.

"घेऊन जावा, चालवून बघा," एजंट म्हणाला. "घाई न्हाई."

घाई नाही हा शब्द मी धरून ठेवला. कारण तोवर घरात एक गोष्ट ठरून गेली होती. ती कुणी ठरवली, केव्हा ठरवली, हे मला आजही सांगता येणार नाही. आईनं शिंप्याकडून एक जाड उशी शिवून आणली होती. मी आण्णांपेक्षा बुटकी, म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायला. शेजारची बाई पाणी भरता भरता म्हणाली, "पोरगा असता तरी एवढं केलं नसतं गं." दळणाच्या गिरणीत, बसस्टँडवर, सगळीकडं तेच. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मला नाही म्हणायलाही जागा नव्हती. कौतुक करणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं? मी हसायचे आणि पुढं जायचे.

मग मी गाड्या बघत राहिले. गाडी दारात आली की मी सीटवर बसणार, म्हणून गाडी यायलाच नको होती. प्रत्येक सुट्टीला मी नवी शंका काढायचे. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायची, श्रीगोंद्यापर्यंत जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि किती डिझेल बसलं ते बघायचं. आधी रिकामी, मग सामान भरून, मग जनरेटर अडकवून. सपाट रस्त्याला करडी सरळ जिंकत होती. आमची निम्मी कामं कर्जत-श्रीगोंद्याच्या सपाटीला, म्हणजे करडीच बरी. पण उरलेली पाथर्डी-जामखेडच्या डोंगराकडं. आमच्या जनरेटरच्या गाड्याला स्वतःचा ब्रेक नाही. चढाला त्याला ओढायचं आणि उताराला त्याचं मागून ढकलणं गाडीनंच सोसायचं. तिथं पांढरीसारखं जड इंजिन पाहिजे.

"मग घाटात बघू," मी म्हणाले. मला आणखी दोन सुट्ट्या मिळाल्या. मॅडमचा निरोप आला होता की महिनाअखेर नक्की काय ते कळव.

पहिल्यांदा पांढरी घेऊन आम्ही करंजीचा घाट चढलो. हौद्यात पाईप, मागं जनरेटर, शेजारी आण्णा. दुसऱ्या गिअरवर ती गुरगुरत वर गेली. आण्णा डोळे मिटून इंजिन ऐकत होते. "वजन कळतच न्हाई हिला," ते म्हणाले.

पुढच्या सुट्टीला करडी. तेच सामान, तोच रस्ता, दुपारचं ऊन. सुरुवातीला बरी चालली. चढ वाढला तसा मी दुसरा टाकला, मग पहिला. वळणावर समोरून ट्रक आला, मला थांबावं लागलं, आणि तिथंच ती बसली. क्लच सोडला की थरथरायची आणि बंद पडायची. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. क्लच जळाल्याचा वास केबिनमध्ये भरला. ब्रेकवरचा पाय जरा सैल केला की मागचा जनरेटर आम्हाला खाली खेचायचा. हँडब्रेकवर एवढं वजन थांबत नव्हतं. मागं एसटी येऊन उभी राहिली होती. मला पुढं जाता येईना आणि मागंही घेता येईना, कारण उतारावर मागं घेताना गाडा आडवा होतो.

"चाकाला दगड लावतो," आण्णा म्हणाले आणि दार उघडलं.

"आण्णा, उतरू नका! तुम्हाला दिसत न्हाई!"

"दगूड हाताला लागतो की."

ते उतरले. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसले होते. आरशात मला त्यांचा फक्त खांदा दिसत होता. एका हातानं गाडी चाचपत ते मागं चालले होते. मग तोही दिसेनासा झाला. ते चाकामागं वाकले असणार, नेमके जनरेटर आणि घाटाच्या भिंतीच्या मधोमध. माझा पाय घसरला असता तर. मी ओरडत होते, "आण्णा, बाजूला व्हा! आण्णा!" आणि पाय मात्र उचलता येत नव्हता. मला उतरून त्यांना ओढून काढता येत नव्हतं. त्या सीटवर मला कुणी खिळे ठोकून बसवलं असतं तरी मी इतकी अडकले नसते.

एसटीचा कंडक्टर धावत आला. त्यानं आधी आण्णांना दंडाला धरून बाजूला घेतलं, मग चाकांना मोठे दगड लावले. "सोडा आता, सोडा ब्रेक!" तो म्हणाला. मला सोडता येईना. त्यानं खिडकीशी येऊन पुन्हा सांगितलं, "ताई, दगड लावलेत. सोडा." तेव्हा सोडला. एसटीतली चार माणसं उतरली, त्यांनी थोडे पाईप काढून बाजूला ठेवले, गाड्याला मागून रेटा दिला. असं करत आम्ही चढलो, मग पाईप आणायला पुन्हा खाली.

घाटमाथ्यावर टपरीला चहा घेतला. आण्णांच्या तळहाताला खरचटलं होतं, ते पाण्यानं धूत होते.

"पांढरीच घेऊ," ते म्हणाले. "डिझेल खाईना का. तुला तरास नको."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आण्णा, मला न्हाई चालवायची गाडी. मला पुण्याला जायचंय. जागा निघालीये."

त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांना माझा चेहरा दिसत होता की नाही, कुणास ठाऊक.

"आन् मग ह्या गाड्या?" त्यांनी विचारलं. "दर सुट्टीला येतीस, टाक्या भरून बघतीस, घाट चढतीस. मला वाटलं, पोरीला लई हौस हाय. मी तुझ्या आईला म्हनलो, हिच्या मनासारखी गाडी मिळू दी, तवर कुनी घाई करू नका."

मी लांबवत होते, आणि ते माझी हौस पुरवत होते.

"एवढी लग्नसराई काढ," शेवटी ते म्हणाले. "तवर डायवर बघतो. मग जा. मी सोतः पुण्याला सोडाय येईन."

मी हो म्हणाले. घाटात त्यांचा खांदा आरशातून दिसेनासा झाला होता, ते अजून डोळ्यांपुढं होतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बघते, पण जागा थांबणार नाही गं." ती थांबली नाही. माझ्याबरोबर राहणारी एक मैत्रीण तिथं गेली, आणि चांगलं काम करते.

आण्णांनी शब्द मोडला असं मी म्हणणार नाही. त्यांनी खरंच ड्रायव्हर बघितले. एक उताराला गाडी न्यूट्रल करून सोडायचा. दुसरा चांगला होता, तो ऊस वाहतुकीला गेला. तिसऱ्याच्या शेजारी आण्णा बसायला तयार होईनात. मध्येच सुप्याची नोकरीही मी सोडली, कारण इतकी रजा कुणी देत नाही.

गेल्या आठवड्यात पाथर्डीकडं दुपारच्या मुहूर्ताचं लग्न होतं. जनरेटर चालू असला की मला गाडीपासून लांब जाता येत नाही, म्हणून मी केबिनमध्येच होते. नवरीची मावशी ताट घेऊन खिडकीशी आली. "तू ती मांडववाल्याची पोर ना? लई ऐकलंय तुझं," ती म्हणाली. "माझ्या पोरीला सांगते, अशी हो म्हणून."

तिची पोर तिच्यामागंच उभी होती, बारावीच्या वयाची. ती माझ्याकडं न बघता पांढरीच्या हुकाकडं बघत होती.

"शिकू दे तिला गाडी," मी म्हणाले. "पण तिला विचारून."

मावशी हसली. तिला ती गंमत वाटली. मी ताट मांडीवर घेतलं आणि काच वर केली. जनरेटरच्या आवाजात तिचं पुढचं बोलणं तसंही ऐकू येत नव्हतं.