अर्ध्या रेटची देवी

माझ्या मावसाजींइतका भांडखोर माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या भांडणाइतकं रास्त भांडणही दुसऱ्या कुणाचं नव्हतं, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन. ते नाटकांतले ट्रिकसीन करत. धान निघालं की गावोगाव नाटकं लागत, आणि स्टेजवर वीज पाडायला, राक्षसाचं मुंडकं उडवायला, जमिनीतून देवी वर काढायला मावसाजीच लागत. पण पेटीवाल्याला मागेल ते मुकाट्याने देणारी मंडळं मावसाजींपुढे आली की भाजीबाजारात आल्यासारखी वागत. याचा मला अजून संताप येतो. पेटी दुकानात मिळते हो, वीज कुठल्या दुकानात मिळते?

मावसाजींचे रेट ठरलेले. विजेचा वेगळा, गडगडाटाचा वेगळा. नुसता गडगडाट मागणाऱ्याला ते दारातूनच परतवून लावत. "इज न चमकता गर्जणारा पाऊस माह्याजवळ नाही," म्हणत. आलेल्याला चहा पाजत, आणि चहा पिता पिता त्याने पुन्हा भाव केला तर हातातला कप काढून घेत. एका सरपंचाचा असा अर्धा चहा राहिला तो राहिलाच.

कोंढा गावच्या मंडळाने एकदा हट्टाने रेट निम्म्यावर आणला. मावसाजी चक्क "बरं" म्हणाले. त्या नाटकात मी राजा होतो. स्टेजखालच्या खड्ड्यातून, दोराने ओढलेल्या फळीवर उभी देवी वर आली ती कमरेपर्यंत, आणि तिथेच थांबली. मला तिच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. वाकून मी फटीतून कुजबुजलो, "मावसाजी, देवीचे पाय?"

"अर्ध्या पैशात पाय येत नाही," खालून उत्तर आलं.

पुढच्या साली तेच मंडळ हजर. "देवी कमरेपर्यंतच पायजे जी. लोकाईले लय आवडली. रेट बी तोच ठेवा." मावसाजींनी सगळ्यांच्या हातातले कप काढून घेतले.

पुढे दोर ओढताना त्यांचे हात थरथरू लागले. गावोगाव ते कळलं होतं. एके वर्षी सानगडीचं मंडळ आलं, मावसाजींनी पुरा रेट सांगितला, आणि "तुमी म्हणाल तेवढे" म्हणत विसार ठेवून मंडळी निघूनही गेली. मला वाटलं, इतक्या वर्षांनी न्याय झाला. मावसाजी मात्र नोटांना हात न लावता बसून होते.

"भाव नाही केला रे त्याहिनं," ते म्हणाले. "म्हातारा समजून देऊन गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी विसार परत करायला त्यांनी मलाच पाठवलं. त्यानंतर त्यांनी कुठल्याच गावची देवी वर काढली नाही.