इनासचा चोरलेला दम

सकाळी फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडे मारीवहिनी, इनासची बायको. "सर, इनास गेले. झोपेतच," एवढंच त्या बोलल्या. आणि मी काय बोलावं? मी म्हणालो, "असं कसं, वहिनी? परवाच तर तो माझ्याविरुद्ध जिंकला." आज या गोष्टीला महिना उलटून गेला, पण त्यापुढे माझी गाडी काही सरकलेली नाही... तो जिंकला होता, मी हरलो होतो, मग गेला तो कसा?

आम्ही दोघं माणिकपूरच्या एकाच शाळेत खेळाचे शिक्षक. मी सावंत, कणकवलीकडचा, नोकरीसाठी इथे आलेला. तो इथलाच, केळीच्या वाडीतला. मी मुलांना चढाई शिकवायचो, तो पकड. तो 'पानी' म्हणाला की मी मुद्दाम 'पाणी' म्हणायचो, आणि तो म्हणायचा, "तहान तुज्या 'पाणी'नंच भागते का बघ." खांद्यावर कायम एक पांढरा टॉवेल. पण गळ्यात पंचाची शिट्टी अडकवली की हा माणूस कुणाचा म्हणून नसायचा. एकदा कामणच्या सामन्यात शेवटच्या चढाईला त्याच्याच पुतण्याने दम तुटताना मधेच श्वास चोरला. बाकी कुणाला कळलंही नव्हतं. इनासने शिट्टी फुंकली, हात वर केला, पोरगा बाद. घरचा संघ हरला. सख्खा भाऊ कितीतरी दिवस त्याच्याशी बोलत नव्हता. मी समजूत घालायला गेलो तर मलाच म्हणाला, "चोरलेला दम तो चोरलेला दम. त्यात पुतण्या काय नि परका काय."

निवृत्तीनंतर आम्ही संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसायचो. गेल्या वर्षी मला जिना चढताना छातीत काहीतरी आवळायला लागलं. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. शेवटी आमच्या हिने इनासकडे तक्रार केली. त्याने मला सुनावलं नाही. उलट म्हणाला, आजकाल वाडीतून घरी येईपर्यंत त्यालाही धाप लागते. मग म्हणाला, "चल, दम धरू. ज्याचा आधी तुटेल तो डॉक्टरकडे जाईल. दुसऱ्याची सुट्टी."

आता हसू येईल, पण आम्हाला त्यात काही वेडेपणा वाटला नाही. उभा जन्म आम्ही पोरांची छाती अशीच तपासली होती. कबड्डी म्हणायला लावायचं, दम पुरला तर पोरगं ठणठणीत, नाही तर बस बाहेर. हृदयाचं दुखणंसुद्धा याच मापाने मोजायचं, ही अक्कल आम्हा खेळाच्या मास्तरांचीच! तर दोन म्हातारे कट्ट्यावर बसून 'कबड्डी कबड्डी' करू लागले. मी डोळे मिटले होते. माझा दम तुटला तेव्हा त्याचा चालूच होता, टॉवेलने तोंड पुसत पुसत. "बाद," तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन त्याने हृदयाच्या डॉक्टरकडे माझा नंबर लावला, आणि बरोबर येतो म्हणाला.

त्या नंबराच्या आधीच तो गेला.

चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याची प्रार्थना, मिस्सा, झाल्यावर त्याच्या ओटीवर बसलो होतो. वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले ते आडवेच झाले, सर. पानी मागितलं. म्हणाले, सावंताला फसवला. टॉवेलात तोंड घालून दोनदा श्वास घेतला, त्याला कळला नाय."

"का फसवलं, ते नाही सांगितलं?"

"नाय. नुसते हसले."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी जावं म्हणून त्याने हे केलं, असं एकदा वाटतं. दुसऱ्याच मिनिटाला वाटतं, नाही, तो घाबरला होता. स्वतःला जायचं नव्हतं म्हणून त्याने मला पुढे ढकललं. मग असा राग येतो त्याचा! अरे, दोघांचाही नंबर लावता आला असता की. एवढं साधं आम्हा दोघांपैकी एकालाही सुचू नये? दोन्ही खरं असेल का? हिला विचारलं, तर म्हणाली, आधी तुम्ही डॉक्टरकडे जा, मग बसा विचार करत.

आज दुपारी जायचंय. त्यानेच लावलेला नंबर, तेव्हा चुकला होता, तो पुन्हा लावून घेतला. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? डॉक्टर श्वास रोखायला सांगतील तेव्हा जेवढा पुरेल तेवढाच रोखेन. तोंड लपवायला टॉवेल नेणार नाही.

पण एक निकाल द्यायचा राहिलाय, तो काही माझ्याने देववत नाही. रोज संध्याकाळी कट्ट्यावर त्याची जागा सोडून बसतो. त्याच्याच नियमाने त्याला बाद द्यायला हवं. मी पंचासारखा हात वर उचलतो... आणि तो खाली येतो तो बाजूला, जिथे त्याचा खांदा असायचा तिथे.