मरणाचं सोंग

मार्योरिसला कार्निव्हलच्या नाचात मरणच व्हायचं होतं. फुलं माळून घोळदार झग्यात नाचणारी मुलगी नको. काळ्या कपड्यांवर हाडं रंगवलेलं, हातात लाकडी कोयता धरलेलं मरण. सहा वर्षांच्या पोरीने हे ऐन जेवताना जाहीर केलं, तेव्हा आजीने घाईघाईने छातीवर क्रूस काढला आणि केळी तळणाऱ्या आईचा, दिल्साचा, झारा हातातच राहिला.

"अगं, दुसरं काही सोंग मिळालं नाही तुला?"

"मीच मरण झाले तर मला न्यायला कोण येणार?"

आजीने आणखी एकदा क्रूस काढला.

मार्योरिसचं यकृत साखर साठवायचं, पण गरजेला सोडायचं नाही. लाखात एखाद्या मुलाला होणारा आजार, तो नेमका दिल्साच्या पदरात. दर चार तासांनी थंड पाण्यात कच्चं कॉर्नफ्लोअर कालवून पाजायचं. वेळ चुकली की पोर घामाने डबडबून जागच्या जागी कोसळायची. मुलांच्या इस्पितळातल्या डॉक्टर ओतिलियांनी दिल्साला समोर बसवून माप शिकवलं होतं, आणि दिल्साच्या जिवाला तेवढाच आधार होता.

नाच बसवणाऱ्या एदेल्मिराबाईंनी मात्र ऐकताक्षणी हात झटकले. "भर रस्त्यात पडली म्हणजे? निस्तरायचं कोणी?"

"पण बाई, नाचाच्या शेवटी सरदाराच्या काठीने मरणाला पडायचंच असतं ना?" मार्योरिस म्हणाली.

बाई जास्तच भडकल्या. दिल्सा रडतच इस्पितळात गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहिली: डोस वेळेवर द्या आणि नाचू द्या. "आजाराने तिची मिठाई नेली, आइस्क्रीम नेलं," त्या म्हणाल्या. "नाच तुम्ही कोणी नेऊ नका."

दिल्साने डोळे पुसले आणि ती शिक्क्याची चिठ्ठी थेट बाईंच्या दारावर चिकटवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःचा राग आवडला.

कार्निव्हलच्या दिवशी बारान्कीया शहर नेहमीसारखं पांढरंफटक झालं होतं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाला कॉर्नफ्लोअर फासत होता, पोलिसाच्या मिशासुद्धा सुटल्या नव्हत्या. ढोलांच्या तालावर मुलांची रांग चालली होती आणि सगळ्यात पुढे मार्योरिस कोयता नाचवत लोकांना दचकवत होती. चार वाजले, डोसची वेळ झाली. दिल्साने पिशवीत हात घातला, तर पुडा रिकामा.

"विल्बर, यातलं पीठ कुठंय?"

तिचा भाऊ नखशिखान्त पांढरा होऊन हसत उभा होता. "उधळलं की. आजच्या दिवशी आणखी कशाला आणतात?"

दिल्साने त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. विल्बरचा चेहरा पिठाच्या थराखालूनही पडलेला दिसला. एवढ्यात मार्योरिस रांग सोडून आली. काय झालं ते तिने ऐकलंच होतं. दिल्साच्या हातातला पाण्याचा पेला घेऊन ती गर्दीकडे वळली. एक म्हातारी नवा पुडा फोडून तिच्यावरच मूठ उगारत होती. मार्योरिसने कोयता आडवा धरला.

"आजी, उधळू नका. यात घाला. आई मोजेल."

"अगं बाई, मरणालाही खायला लागतं का?"

"दर चार तासांनी."

म्हातारी खो खो हसली आणि अख्खा पुडाच दिल्साच्या हातात ठेवून मोकळी झाली. दिल्साने मोजून पेल्यात कालवलं. मरण रस्त्याच्या मधोमध उभं राहून पेलाभर पांढरं पाणी गटागटा प्यायलं, हाताच्या पाठीने तोंड पुसून पुन्हा रांगेच्या पुढे गेलं.

चर्चसमोरच्या चौकात शेवट होता. नाचाच्या सरदाराने बाकदार काठी फिरवली आणि मरण धाडकन आडवं झालं. ढोल थांबले. मार्योरिस हलेना. लोक टाळ्या वाजवत होते, पण दिल्साला त्या ऐकूच येत नव्हत्या. ती धावली, पाठोपाठ एदेल्मिराबाईही झगा सावरत धावल्या. दिल्साने गुडघे टेकून पोरीच्या कपाळावर हात ठेवला. नाचून कपाळ तापलं होतं, पण तो ओळखीचा गार घाम नव्हता.

चेहऱ्यावर रंगवलेल्या कवटीच्या खोबणीत एक डोळा किलकिला झाला.

"आई, बाजूला हो ना," मार्योरिस दातांतल्या दातांत पुटपुटली. "मी मेलेय, आणि तुझ्यामुळे कोणाला दिसत नाहीये."

दिल्सा उठली आणि बाजूला झाली.