उलटी तार

काल झोटवाड्यात एका दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि वीस वर्षांपूर्वी मुलीच्या बास गिटारसाठी मी घरीच बनवलेला अँप्लिफायर आठवला. त्याच्या पेटीत दोन स्पीकर होते. तारा जोडताना सुमन म्हणाली, “बाबा, एकाची तार उलटी लागलीय. मतलब, दोघं एकमेकांचा आवाज खातील. इथं पुस्तकात लिहिलंय.”

“चौथी शिकलोय, पण स्पीकरच्या पेट्या बनवण्यात हयात गेली माझी. तू मला शिकवणार?”

कॉलेजच्या कार्यक्रमात बासचा आवाज उठलाच नाही. पोरं हसली. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “हिच्या बोटांतच जोर नाही.” तिनं पुन्हा गिटार हातात घेतली नाही.

महिन्याभरानं मी पेटी उघडली. तार उलटीच होती. ती गुपचूप सरळ केली, स्क्रू घट्ट आवळले. सुमनला आजवर सांगितलेलं नाही.