तळघराच्या खिडकीच्या पट्ट्या

निजामाच्या राजवटीत बिदरातल्या एका मास्तरांनी मला तळघराच्या खिडकीभोवती आतून सागवानी पट्ट्या बसवायला बोलावलं. मी चांगला रंधा मारून चारी पट्ट्या ठोकल्या, पण त्यांचं समाधान होईना. ते वर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि मला आत मोठ्यानं बोलायला लावायचे. वैतागून मी शिव्या हासडल्या, तर वरून म्हणाले, "अजून ऐकू यायलंय!"

पट्ट्या काढल्या, फटींत काथ्या ठासला, पुन्हा ठोकायला घेतल्या. हा माणूस इथं चोरीच्या मालाचे सौदे करायलाय, असं मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात पाट्या घेऊन पाच-सहा लेकरं जिना उतरली. त्यात माझी पोरगी! घरात सांगायची, मावशीकडं शिवण शिकायला जाते. मला बघताच तिनं पाटी पाठीमागं लपवली. माझा हातोडा हवेतच राहिला.

"तू इथं कामून गं?"

"अप्पा, मराठी शिकायलेय."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "सरकारी शाळेत सगळं उर्दूत. घरी मराठी शिकवायला परवानगी मागितली, मिळाली न्हाई. कुणाला कळलं तर बंद करतील."

मी हबकलोच. आईच्या तोंडची भाषा, ती चोरासारखी शिकायची? रागानं शेवटचा खिळा एका घावात आत घातला.

मग पोरीला मोठ्यानं वाचायला सांगून रस्त्यावर गेलो, वाकून खिडकीला कान लावला. आत माझी पोरगी वाचत होती. काम इतकं चोख झालं होतं, की मला एक अक्षर ऐकू येईना.